संवादोपचार की शरीराधारित उपचार? जबलपूरच्या संदर्भात एक विवेचन

मानसिक अस्वास्थ्यावर उपचार करताना मनापासून सुरुवात करावी की शरीरापासून, हा प्रश्न वरकरणी तात्त्विक वाटतो. प्रत्यक्षात तो अत्यंत व्यावहारिक आहे. महाकोशल प्रदेशाचे केंद्र असलेल्या जबलपूरचे उदाहरण घ्यावे. रात्ररात्र झोप नाही, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, अन्नावर वासना नाही, अशा तक्रारी असलेल्या माणसाला तेथे साधारणपणे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. कोणी म्हणतो, समुपदेशकाकडे जाऊन मन मोकळे करा; कोणी म्हणतो, प्राणायाम करा, मालिश घ्या, एखाद्या ध्यानशिबिराला जा. दोन्ही सल्ले सद्हेतूने दिलेले असतात. मात्र कोणत्या विकारात कोणता उपचार उपयोगी, तो कोणाकडून घेतल्यास सुरक्षित आणि केव्हा घातक, याचा विचार क्वचितच केला जातो. चुकीच्या निवडीत पैसा तर जातोच. शिवाय बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराची महत्त्वाची वर्षे हातची जातात.

या विवेचनात ‘संवादोपचार’ म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक बैठकींमधून, संभाषणाच्या आधारे केलेला उपचार. मनोविश्लेषण, बोधात्मक वर्तनोपचार, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, कौटुंबिक समुपदेशन हे सर्व त्यात येतात. ‘शरीराधारित उपचार’ ही संज्ञा अधिक सैल आहे. योगासने व प्राणायाम, स्नायुशिथिलीकरण, नृत्य व हालचालींवर आधारलेले उपचार, शारीरिक संवेदनांवर लक्ष केंद्रित करून आघाताची तीव्रता कमी करणाऱ्या आधुनिक पद्धती, आणि दुसऱ्या टोकाला स्पर्श, धूर, मंत्र यांचा वापर करणारे पारंपरिक उपचार, इतके सगळे तिच्या पोटात सामावते. या सैलपणामुळेच ‘शरीराधारित उपचार चांगले की वाईट’ अशा सरसकट प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

एकाच मुळाच्या दोन शाखा

संवादोपचाराचा जन्म शारीरिक तक्रारींतूनच झाला, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. १८८० ते १८८२ या काळात व्हिएन्नातील डॉ. जोसेफ ब्रॉयर हे बेर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार करीत होते. तिच्या तक्रारी अवयव लुळे पडणे, दृष्टी व वाणी बिघडणे अशा होत्या. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच या पद्धतीला दिले. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही हकिकत ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने आली आहे. पुढे फ्रॉइडचेच शिष्य विल्हेल्म राइश यांनी दडपलेल्या भावना स्नायूंच्या ताठरपणात साठून राहतात असे मत मांडले आणि उपचाराची दिशा पुन्हा शरीराकडे वळवली. राइश यांचे उत्तरायुष्य वादग्रस्त ठरले व १९५७ मध्ये अमेरिकेतील तुरुंगात त्यांचा अंत झाला. परंतु पाश्चात्त्य देशांतील बहुतेक शरीराधारित मानसोपचारांची वंशावळ त्यांच्यापर्यंत पोहोचते.

भारतात या दोन्ही प्रवाहांना संस्थात्मक रूप जवळपास एकाच वेळी मिळाले. १९२२ मध्ये डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम सुरू केले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरण व दाबमापन अशा साधनांनी तपासण्याचा उपक्रम हाती घेतला. कुवलयानंदांचा आग्रह लक्षात घेण्यासारखा आहे. योग प्राचीन आहे एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. तो मोजून पाहिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आज योगाच्या नावाने जे जे विकले जाते, त्यातील फारच थोड्यांना ही कसोटी आठवते.

जबलपूरचा या इतिहासाशी असलेला संबंध थोडा अनपेक्षित आहे. आचार्य रजनीश, म्हणजे नंतरचे ओशो, १९६६ पर्यंत जबलपूर येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९७० मध्ये त्यांनी ‘सक्रिय ध्यान’ ही पद्धत मांडली. जलद व अनियमित श्वसन, मग मनात येईल तसे ओरडणे-रडणे-हसणे, मग उड्या आणि अखेरीस स्तब्धता, असे तिचे टप्पे. आधुनिक माणसाला शांत बसवण्यापूर्वी त्याच्या शरीरातील साचलेपण बाहेर काढले पाहिजे, हा त्यामागचा विचार. १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये त्यांचा आश्रम सुरू झाल्यावर पश्चिमेकडील अनेक उपचारक तेथे आले आणि राइश यांच्या परंपरेतील गटोपचार मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. त्यांपैकी काही गटांत शारीरिक हिंसेलाही मोकळीक होती. त्यावर बाहेरून तसेच सहभागी झालेल्या जाणकारांकडूनही टीका झाली आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस गटोपचारांतील हिंसा थांबवण्यात आली. अनेकांना या पद्धतींचा लाभ झाल्याचे सांगितले जाते. पण सहभागी व्यक्तीची पूर्वतपासणी, बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य आणि इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्या काळात दुय्यम राहिले. शरीराधारित उपचारांच्या संदर्भात आजही नेमके हेच प्रश्न प्रथम विचारावे लागतात.

शरीर बोलते तेव्हा

‘पोटात गोळा आला’, ‘काळीज धस्स झाले’, ‘हातपाय गळाले’, ‘जीव गुदमरला’. मराठीत भीती आणि दुःख व्यक्त करणारे शब्दप्रयोग असे अवयवांना धरून आहेत. जबलपूरच्या हिंदीतही ‘जी घबराना’, ‘दिल बैठना’ असेच म्हटले जाते. त्यामुळे रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे न म्हणता ‘अंगात त्राण नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो काही लपवीत नसतो. आपल्या भाषेत अचूक बोलत असतो. ज्या संवादोपचारकाला ही भाषा उमगत नाही, त्याचा संवाद पहिल्याच बैठकीत खुंटतो. जबलपूरमध्ये हिंदी, बुंदेली, गोंडी बोलणारे लोक आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या आणि पुढे मध्य प्रांताच्या काळापासून स्थिरावलेली मराठी कुटुंबेही आहेत. संवादोपचाराला भाषा लागते. श्वासाला लागत नाही. शरीराधारित पद्धतींची ही जमेची बाजू मान्य केली पाहिजे.

२२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जबलपूर परिसराला ५.८ क्षमतेचा भूकंपाचा धक्का बसला. जबलपूरबरोबरच मंडला, सिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांतही हानी झाली. सुमारे ४० जणांचा मृत्यू झाला. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, या जिल्ह्यांत हाहाकार उडाला होता. तेथे पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यावर काम केले.

अशा आपत्तीत शरीरात नेमके काय घडते? धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डला हा भाग सतर्क होतो, अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते, ॲड्रिनॅलिनचे प्रमाण वाढते, हृदयाचे ठोके व श्वसन जलद होते, स्नायू ताठ होतात. हे सर्व विचाराच्या आधी घडते. बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत ही यंत्रणा पूर्वपदावर येते. काहींमध्ये येत नाही. दार आपटले तरी शरीर भूकंप झाल्यासारखे वागते. जमीन स्थिर असूनही ती हलल्याचा भास होतो. हाच आघातोत्तर ताणविकाराचा गाभा. अशा व्यक्तीला ‘आता धोका नाही’ हे समजावून सांगितले तरी ते तिच्या बुद्धीला पटते, स्नायूंना पटत नाही.

यावरून केवळ शरीराधारित उपचारच योग्य, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ताणाशी संबंधित विकारांबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत प्रौढांच्या आघातोत्तर ताणविकारासाठी आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार आणि ईएमडीआर या नावाने ओळखला जाणारा, नेत्रचलनाचा वापर करणारा उपचार यांची शिफारस आहे. पहिल्यात संवाद प्रधान आहे. दुसऱ्यात आठवणीबरोबर शारीरिक क्रिया जोडलेली आहे. दुसरीकडे, दुर्घटनेनंतर लगेच सर्वांना बोलावून एकाच बैठकीत घडलेले सविस्तर सांगायला लावणे, ही एके काळी लोकप्रिय असलेली पद्धत उपयोगी नसल्याचे आणि काहींना अपायकारकही ठरू शकत असल्याचे अभ्यासांतून पुढे आले. ‘बोलल्याने मन हलके होते’ हे वचन सर्व काळी लागू पडत नाही. केव्हा, किती आणि कोणाशी बोलावे, यालाही शास्त्र आहे.

पुरावा काय सांगतो?

संवादोपचाराच्या परिणामकारकतेचा भारतातील एक भक्कम पुरावा गोव्यातील आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र व तीव्र नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांवर चाचणी घेतली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण व देखरेख मिळालेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यमुक्त होते, केवळ नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या बैठकींचा भर गतायुष्याच्या विश्लेषणावर नव्हता. दिवसभरात काय करता, काय सोडून दिले, पुन्हा चालायला-भेटायला-कामाला कधी लागणार, याचे वेळापत्रक आखण्यावर होता. म्हणजे साधन संवादाचे, पण बदल शरीराच्या दिनक्रमात. याच संस्थेने पुढे मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना या उपचाराचे प्रशिक्षण देण्याचे काम केले. तज्ज्ञांची वानवा असलेल्या राज्यात हा मार्ग जबलपूर विभागालाही उपकारक ठरण्यासारखा आहे.

शरीराधारित उपचारांच्या बाजूनेही पुरावा आहे, मात्र तो वाचताना सावधगिरी लागते. बंगळूरच्या निम्हान्समध्ये झालेला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा. तीव्र नैराश्यामुळे दाखल झालेल्या ४५ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. चार आठवड्यांनंतर विद्युत उपचार घेतलेल्या गटात ९३ टक्के, इमिप्रामिन हे औषध घेतलेल्यांत ७३ टक्के आणि सुदर्शन क्रिया ही श्वसनपद्धती करणाऱ्यांत ६७ टक्के रुग्णांची लक्षणे दूर झाली. श्वसनक्रियेने औषधाच्या जवळपास पोहोचणे ही उल्लेखनीय गोष्ट आहे. पण प्रत्येक गटात अवघे १५ रुग्ण होते, उपचार रुग्णालयाच्या देखरेखीखाली झाले आणि सर्वांत तीव्र उपाय सर्वांत परिणामकारक ठरला. ‘प्राणायामाने नैराश्य बरे होते, गोळ्या टाकून द्या’ असा अर्थ त्यातून निघत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन आघातोत्तर ताणविकार असलेल्या ६४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांच्या योगवर्गानंतर ५२ टक्के स्त्रिया विकाराच्या निकषांत बसेनाशा झाल्या. आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. येथे योग संवादोपचाराच्या जोडीला होता, त्याच्या जागी नव्हता.

खरे तर दोन्ही पद्धतींमधील भिंत फार पूर्वीच झिजली आहे. एडमंड जेकबसन यांचे स्नायुशिथिलीकरण जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या वर्तनोपचारात सामावले गेले. भीतीच्या झटक्यांवरील आजच्या बोधात्मक वर्तनोपचारात रुग्णाला मुद्दाम जिना चढायला किंवा जलद श्वास घ्यायला लावून ‘धडधड म्हणजे मृत्यू नव्हे’ हे शरीराकडूनच शिकवले जाते. डॉ. जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-शिष्य संबंध हा भारतीय मानसोपचाराचा नमुना होऊ शकतो असे सुचवले होते, कारण येथील रुग्णाला तटस्थ श्रोत्यापेक्षा मार्गदर्शक हवा असतो. त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. मात्र गुरूवर प्रश्न विचारण्याची मुभा नसेल, तर तोच नमुना धोक्याचा होतो.

निवड कशी करावी?

पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांची लक्षणे नैराश्य व चिंतेसारखी दिसू शकतात. जबलपूर परिसरात आणखी एक कारण आहे. मंडला, दिंडोरीसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत सिकलसेल आजार आढळतो आणि त्यातील वेदनेचे झटके बाहेरून दिसत नाहीत. अशा तरुणाला ‘मनाचे खेळ’ म्हणून समुपदेशनाला किंवा ‘वारा लागला’ म्हणून गुनियाकडे पाठवणे, दोन्ही अन्यायकारक. जबलपूर येथेच १९८४ पासून असलेली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था या आजारावर काम करते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला.

दुसरी बाब आजाराच्या तीव्रतेची. भ्रम, भास, उन्माद किंवा आत्महत्येचे विचार असतील तर संवादोपचार व शरीराधारित उपचार या दोन्हींचे स्थान पूरक आहे. मानसोपचारतज्ज्ञ व औषधे यांना पर्याय नाही. अशा अवस्थेत दिवसचे दिवस मौन, अल्पनिद्रा आणि तीव्र श्वसनाची शिबिरे आजार भडकवू शकतात. अपस्मार, हृदयविकार आणि गर्भारपणात जलद श्वसनाच्या क्रिया वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत. सौम्य ते मध्यम नैराश्यात व चिंतेत मात्र रुग्णाच्या कलाला वाव आहे. ज्याला शब्द सापडतात, ज्याची अडचण नात्यांत, अपराधभावात किंवा ‘नापास झालो तर सर्व संपले’ अशा विचारांत आहे, त्याने संवादापासून सुरुवात करावी. ज्याला बोलू लागताच शरीर गोठल्यासारखे होते, त्याला आधी श्वास, चालणे, शिथिलीकरण यांचा आधार देऊन मग संवादाकडे आणणे श्रेयस्कर. आयुधनिर्माणीत किंवा रेल्वेत पाळीने काम करणाऱ्या माणसाला दर आठवड्याची तासाभराची बैठक पेलणारी नसते, हेही उपचारकाने ध्यानात घ्यावे.

व्यवस्था आणि कायदा

ब्रिटिश काळात मध्य प्रांतात नागपूर व जबलपूर येथे मनोरुग्णांसाठी आश्रयगृहे होती. नागपूरची संस्था प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून आजही कार्यरत आहे. मध्य प्रदेशातील शासकीय मनोरुग्णालये मात्र ग्वाल्हेर व इंदूर येथे आहेत. जबलपूरच्या रुग्णाचा आधार म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आणि लोक ज्याला अजून ‘व्हिक्टोरिया’ म्हणतात ते सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय. राज्यातील जिल्हा रुग्णालयांत ‘मनकक्ष’ या नावाने मानसिक आरोग्य सेवा देण्यात येते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याअंतर्गत जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात मध्य प्रदेशासह १२ राज्यांचा समावेश होता, सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आणि विविध विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहत असल्याचे आढळले. अशा स्थितीत बहुसंख्य लोकांपुढचा खरा पर्याय संवाद की शरीर असा नसतोच. उपचार की काहीच नाही, असा असतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ही पोकळी काही अंशी भरून काढतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ ने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला. मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ व नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याबरोबरच आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाचे, तसेच होमिओपॅथी, युनानी व सिद्ध पद्धतींतील संबंधित विषयांचे पदव्युत्तर पदवीधरही आहेत. रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडात असलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले, ही पार्श्वभूमी त्यामागे आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे; शिकवणी केंद्रेही या निर्देशांच्या कक्षेत येतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ नुसार होते. समुपदेशकाची पाटी लावण्यास मात्र दीर्घकाळ कोणतेही बंधन नव्हते आणि शरीराधारित उपचारकांची तर कोठे नोंदच नव्हती. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ च्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांबरोबर कला, नृत्य व हालचालींवर आधारित उपचार करणाऱ्यांचाही समावेश आहे. या कायद्याखालील राज्य परिषदांच्या नोंदवह्या पूर्णपणे कार्यान्वित होईपर्यंत पात्रता, देखरेख, पूर्वतपासणी आणि उपचार मधेच थांबवण्याची मुभा, या चार गोष्टींची विचारणा रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना पहिल्या भेटीतच स्वतः करावी लागणार आहे.